एक कॉम्प्युटर, दोन स्लॉट: लालबागमधल्या एका रॅम-बदलाचं प्रकरण

पौषात लग्नाचे मुहूर्त नसतात. त्यामुळे लग्नाचे अल्बम बनवणाऱ्यांसाठी हा महिना तुंबलेलं काम उपसायचा. आमच्या चाळीत खालच्या मजल्यावर राहणाऱ्या वहिनींकडे तुळशीच्या लग्नानंतर लागलेल्या लग्नांचे सात अल्बम साचले होते. जानेवारी २०२६ च्या दुसऱ्या आठवड्यात त्या जिन्यात भेटल्या आणि म्हणाल्या, "भाऊजी, कॉम्प्युटर अडून बसलाय. शीट सेव्हला टाकते आणि कुकर लावून येते. तीन शिट्ट्या होतात तरी ह्याचं चालूच."

दिवसभर मी फोर्टातल्या कचेऱ्यांमधले कॉम्प्युटर सांभाळतो. "स्लो चालतंय" ही तक्रार रोज ऐकतो, पण शिट्ट्यांमध्ये कुणी सांगितलेली नव्हती. संध्याकाळी जाऊन बघतो म्हटलं.

मशीन २०२० साली, लॉकडाऊनच्या थोडं आधी घेतलेलं. रायझन ५ ३४००जी प्रोसेसर, बी४५० चिपसेटचा छोटा मदरबोर्ड आणि त्यावर रॅमचे, म्हणजे चालू कामाच्या तात्पुरत्या मेमरीचे, दोनच स्लॉट. एका स्लॉटमध्ये ८ जीबीची डीडीआर४ २४०० स्टिक (डीडीआर४ ही रॅमची पिढी, २४०० हा तिचा वेग), दुसरा पहिल्या दिवसापासून रिकामा. वेगळं ग्राफिक्स कार्ड नाही, प्रोसेसरमध्येच व्हेगा ११ ग्राफिक्स आहे. २४० जीबीचा साटा एसएसडी (न फिरणारी, चिपवरची डिस्क) सी ड्राइव्हला आणि एक टीबीची जुनी हार्ड डिस्क डी ड्राइव्हला. घेताना दुकानदाराने "नंतर अजून एक टाका" असं सांगितलं होतं म्हणे. ते नंतर सहा वर्षांनी उगवलं.

गंमत अशी की या मशीनचे मालक दोन. दिवसा वहिनी, रात्री दहानंतर त्यांचा मुलगा. तो कॉलेजच्या पहिल्या वर्षाला आहे आणि गाड्यांच्या शर्यतीचा एक खेळ खेळतो. मी खुर्चीत बसायच्या आत तो म्हणाला, "काका, आईला सांगा, रॅम ३६०० ची घ्यायला हवी. रायझन ३००० ला ३६०० च लागते, व्हिडिओत सगळे सांगतात." त्याने एक जोडी हेरूनही ठेवली होती: ८ अधिक ८, ३६०० ची, वरून रंगीत दिवे. वहिनींचं म्हणणं सरळ होतं: "मला मोठी हवी. वेगाचं मला काही कळत नाही."

एरवी मी म्हटलं असतं, मोठीही घ्या आणि वेगवानही घ्या. पण हा जानेवारी २०२६ होता. २०२५ च्या शेवटच्या महिन्यांत रॅमचे भाव भडकले होते. एआयच्या डेटा सेंटरांना लागणाऱ्या मेमरीकडे कारखाने वळले, डीडीआर४ चं उत्पादन त्याआधीच आवरतं घेतलं जात होतं, आणि डिसेंबरात मायक्रॉनने क्रुशल या नावाची किरकोळ विक्रीच बंद करत असल्याचं जाहीर केलं. वहिनी खर्च शीटमध्ये आणि अल्बममध्ये मोजतात, कारण त्यांना पैसे शीटमागे मिळतात. मुलाची दिव्यांची १६ जीबीची जोडी म्हणजे सव्वा अल्बम. साधी ३२ ची जोडी म्हणजे दोन अल्बम. घरच्या आजी हे ऐकून म्हणाल्या, "एवढ्यात नवा फ्रिज नाही का येत?"

थांबतंय कुठे, ते आधी

रॅम विकत घेण्याआधी मशीन नेमकं कशासाठी थांबतं ते बघायला लागतं. हे काम फुकट आहे, पण बहुतेक जण तेवढंच वगळतात. मी वहिनींना म्हटलं, तुम्ही रोजचं काम करा, मी शेजारी बसतो.

टास्क मॅनेजर उघडला. मेमरीच्या पानावर पहिलीच गोष्ट दिसली की विंडोजला ८ जीबी मिळतच नव्हते, मिळत होते ५.९. उरलेले "हार्डवेअर रिझर्व्ह्ड" म्हणून बाजूला काढलेले. व्हेगा ग्राफिक्सला स्वतःची मेमरी नसते, ती याच रॅममधून तुकडा घेते, आणि बायोसमध्ये (विंडोजच्या आधी चालणाऱ्या, बोर्डाच्या सेटिंगमध्ये) कुणीतरी तो तुकडा २ जीबीचा करून ठेवला होता. कुणीतरी म्हणजे कोण हे विचारायची गरज पडली नाही. चिरंजीव खिडकीतून बाहेर बघायला लागले.

आता वहिनींचं काम. त्या बनवतात ती शीट १२ बाय ३६ इंचांची, ३०० डीपीआयवर. म्हणजे ३,६०० गुणिले १०,८०० पिक्सेल, जवळपास ३ कोटी ८९ लाख. प्रत्येक पिक्सेलला लाल, हिरवा, निळा असे तीन बाइट. फोटोशॉपच्या खालच्या पट्टीत एका सपाट शीटचा आकार १११.२ एम असा दिसतो तो यामुळेच. पण शीट सपाट नसते. पार्श्वभूमी, मागे फिकट केलेला मोठा फोटो, त्यावर सात-आठ फोटो, सावल्या, कटिंग केलेली नवरी, नावांची अक्षरं. शीटभर पसरलेला प्रत्येक लेयर वर आणखी तेवढेच एमबी घेऊ शकतो. शिवाय अनडूसाठी मागच्या पायऱ्या जपून ठेवलेल्या असतात. आणि वहिनी एका वेळी चार शीट उघड्या ठेवतात, कारण नवऱ्याकडच्या मोठ्या आत्या एका शीटवर लहान दिसल्या तर दुसरीवर मोठ्या करून भरपाई करावी लागते. हे काम एकेक शीट उघडून होत नाही, मी ते करून बघितलं.

त्याच खालच्या पट्टीतल्या छोट्या बाणावर क्लिक केलं की "स्क्रॅच साइझेस" आणि "एफिशियन्सी" असे दोन पर्याय निघतात. फोटोशॉप वापरणाऱ्या फार कमी लोकांनी ते उघडलेले असतात. स्क्रॅच साइझेसमध्ये डावा आकडा म्हणजे उघड्या चित्रांना किती मेमरी लागतेय, उजवा म्हणजे फोटोशॉपच्या वाट्याला किती रॅम आहे. वहिनींच्या मशीनवर डावीकडे ९.८ जीबी होतं, उजवीकडे ३.१. एफिशियन्सी १०० टक्के असेल तर काम रॅममध्येच होतंय. त्याखाली गेली की फोटोशॉप डिस्कवरच्या तात्पुरत्या जागेत उचल-ठेव करतंय. इथे ती ५८ होती. आणखी दोन लेयर चढवल्यावर ४९.

आकडेमोड सोपी झाली. फोटोशॉपला अवघड शीटवर १२ जीबीपर्यंत लागतात. विंडोज, ब्राउझर आणि ग्राहकांशी बोलायला सतत उघडं असलेलं व्हॉट्सअ‍ॅप मिळून चार-पाच. ग्राफिक्सचे २. बेरीज १९ च्या आसपास. म्हणजे मुलाने हेरलेली १६ ची जोडी कितीही वेगाची असली तरी आईला पुरली नसती.

रॅम कमी पडली की काय होतं हे आजींना सांगायला मी पिंपाचं उदाहरण दिलं. चाळीत पाणी पहाटे येतं. पिंप मोठं असेल तर दिवसभर घरात पुरतं. लहान असेल तर दुपारी कळशी घेऊन तळमजल्याच्या टाकीवर जावं लागतं. पहाटे नळाला धार किती जोरात होती याने ती फेरी चुकत नाही. कॉम्प्युटरमध्ये ही फेरी फारच महाग पडते. रॅममधून एखादी गोष्ट साधारण १०० नॅनोसेकंदांत हाताला लागते. साटा एसएसडीतून आणायला त्याच्या हजारपट वेळ जातो. फिरत्या हार्ड डिस्कमध्ये दहा मिलिसेकंदांच्या घरात, म्हणजे लाखपट. रॅमच्या दोन वेगांमधला फरक टक्क्यांत मोजायचा असतो, हा फरक लाखांत.

आजींना पटलं. मुलगा मात्र म्हणाला, "आणि पिंपावर नळ दोन असले तर?"

प्रश्न अचूक होता. मी "बघू" म्हणून वेळ मारून नेली.

रविवारचा प्रयोग

माझ्या घरच्या मशीनमध्ये १६ अधिक १६ जीबीची ३२०० ची जोडी आहे. रविवारी ती काढून खिशात घातली आणि खाली गेलो. (आमच्याकडे त्या दिवशी लाइटबिल भरायचं राहिलं, तो विषय अजून निघतो.) एका वेळी एकच गोष्ट बदलायची, असं ठरवलं. नाहीतर रॅम वाढली, जोडी झाली, वेगही वाढला, मशीन पळायला लागलं, आणि श्रेय कुणाचं ते कधीच कळत नाही.

चाचण्या दोन. वहिनींची: ठरलेल्या चार शीट उघडायच्या, त्यांची नेहमीची अ‍ॅक्शन (आपोआप चालणाऱ्या ठरलेल्या पायऱ्या) चालवायची, चारही सेव्ह करायच्या, मोबाइलवर वेळ लावायची. मुलाची: खेळातली एकच शर्यत, तीच सेटिंग, सेकंदाला सरासरी फ्रेम (पडद्यावर येणारी चित्रं) किती ते लिहायचं.

आधी जसं होतं तसं, ८ जीबीची एक स्टिक, २४०० वर. शीटना ११ मिनिटं ४० सेकंद. खेळ २७ फ्रेम.

मग ती काढून माझी एकच १६ ची स्टिक लावली आणि बायोसमधून तिलाही मुद्दाम २४०० वर आणलं. क्षमता दुप्पट, वेग तोच, नळही एकच. शीट ४ मिनिटं २० सेकंदांत. वहिनी पदराला हात पुसत आल्या तेव्हा काम संपलं होतं. खेळ २९. मुलाचा चेहरा पडला.

मग दोन्ही १६ च्या लावल्या, तरी २४०० वरच. शीटना ४ मिनिटं ५ सेकंद, म्हणजे फरक जवळपास नाहीच. खेळ ४४.

वेग न वाढवता फ्रेम दीडपट झाल्या होत्या. डीडीआर४ २४०० ची एक स्टिक एका चॅनेलवर (रॅम आणि प्रोसेसरमधल्या एका वाटेवर) सेकंदाला जास्तीत जास्त १९.२ जीबी वाहून नेते. दोन स्लॉटमध्ये दोन स्टिक असल्या की दोन्ही चॅनेल चालू होतात आणि तो आकडा ३८.४ होतो. वेगळं ग्राफिक्स कार्ड असतं तर त्याची स्वतःची मेमरी असती आणि त्याला याचं फारसं काही वाटलं नसतं. इथे प्रोसेसर आणि व्हेगा एकाच नळावर भांडी घेऊन उभे होते. सहा वर्षं एक स्लॉट रिकामा ठेवून या मशीनने अर्धा रस्ता बंद ठेवला होता. मुलगा ज्याला "वेग" म्हणत होता त्यातला मोठा भाग हाच होता. स्टिकवर छापलेल्या आकड्याचा वाटा त्यामानाने लहान.

तो लहान म्हणजे किती, तेही बघितलं. तीच जोडी २९३३ वर नेली. शीट ३ मिनिटं ५५ सेकंद, खेळ ५० फ्रेम. खेळाला फायदा झालाच, नाकारून चालणार नाही. अल्बमला दहा सेकंद. ३२०० वर नेली तर त्यांचा बोर्ड सुरूच होईना, दोन-तीनदा आपला आपण बंद-चालू झाला आणि जुन्या सेटिंगवर परत आला. माझ्या मशीनमध्ये हीच जोडी ३२०० वर वर्षानुवर्षं चालते, तेव्हा दोष स्टिकचा नव्हता. ३४००जी ला अधिकृत मर्यादाच २९३३ ची आहे. त्यापुढे चाललं तर नशीब.

इथे मुलाच्या "रायझन ३००० ला ३६०० लागते" याचा उलगडा झाला. ते वाक्य खरं आहे, पण वेगळ्या प्रोसेसरांबद्दल. २०१९ साली आलेल्या रायझन ३००० मधले ३६००, ३७००एक्स वगैरे झेन २ या आतल्या रचनेचे. त्यांच्या आतला दुवा, ज्याला इन्फिनिटी फॅब्रिक म्हणतात, तो साधारण १,८०० मेगाहर्ट्झपर्यंत मेमरीच्या तालात चालतो आणि म्हणून ३६०० ची रॅम त्यांना मानवते. ३४००जी त्याच वर्षी, त्याच ३००० च्या नावाखाली आला, पण आत आधीच्या पिढीचा झेन प्लस आहे. नाव धाकट्याचं, वय थोरल्याचं. व्हिडिओ बनवणाऱ्याची चूक नाही. त्याने आपल्या हातातल्या प्रोसेसरबद्दल सांगितलं होतं.

शिवाय ३६०० हा आकडा एकटा बघून भागत नाही. शेजारी सीएल १६, सीएल १८ असं काहीतरी छापलेलं असतं: मागणी केल्यावर पहिला माल हातात येईपर्यंत किती ठोके जातात ते. सीएलला २,००० ने गुणून वेगाने भागलं की नॅनोसेकंद मिळतात. ३२०० सीएल १६ चे १०. ३६०० सीएल १८ चेही १०. घरातली जुनी २४०० सीएल १७ ची, तिचे १४ च्या जरा वर. वाहून न्यायची ताकद ३६०० मध्ये जास्त, पण पहिला घोट दोघींकडे एकाच वेळी मिळतो. मुलाने हे गणित मोबाइलवर तीनदा केलं. मग त्याने सीपीयू-झेड हा मशीनची माहिती दाखवणारा प्रोग्रॅम उघडला आणि ओरडला, "काका, ही २४०० नाहीच! ११९९ दाखवतंय, आपल्याला फसवलं!" फसवलं नव्हतं. डीडीआर म्हणजे एका ठोक्यात दोनदा माल पाठवणारी मेमरी. काही प्रोग्रॅम ठोके दाखवतात, काही खेपा.

शेवटचा प्रयोग मला सुचलेला नव्हता, तो वहिनींचा. "जुनी ठेवून तिच्याशेजारी तुमची एक लावली तर?" ८ अधिक १६, असमान जोडी. मी जरा नाखुशीनेच लावली, कारण आमच्या धंद्यात सगळे "सारखीच जोडी घ्या" असं घोकत असतो. बोर्डाने दोघींना जुन्या स्टिकच्या २४०० वर चालवलं. अशा जोडीत पहिल्या १६ जीबीपर्यंत दोन्ही चॅनेल मिळून काम करतात, उरलेले ८ जीबी एकट्या मोठ्या स्टिकवर राहतात. शीट ४ मिनिटं १० सेकंद. खेळ ४२, मध्येच एखादा हिसका.

एक स्टिक आत्ता

त्या रात्री जेवताना निर्णय झाला, आणि तो वहिनींनी घेतला. १६ जीबीची एकच स्टिक घ्यायची, ३२०० ची, दिव्यांशिवाय. जुनी ८ ची जागेवर राहील. एकूण २४ जीबी, खर्च एक अल्बम. भाव उतरले की दुसरी १६ ची. मुलाला ५० च्या जागी ४२ फ्रेम मिळतात, पण २७ वरून ४२. तो फार भांडला नाही.

मी दोन शंका काढल्या होत्या. पहिली, वर्षाने तीच स्टिक बाजारात मिळेलच असं नाही, आणि एकाच नावाखाली आतल्या चिप बदललेल्या असतात. त्यावर वहिनी म्हणाल्या, "वर्षाने मी ४० शीटचा अल्बम २ दिवसांत करत असेन, मग दोन्ही नवीन घेईन." दुसरी शंका, २४०० वरच चालणार असेल तर ३२०० ची कशाला? याचं उत्तर माझ्याकडेच होतं. बायोस अपडेट केलं की हाच बोर्ड रायझन ५ ५६००जी घेतो आणि त्याची अधिकृत मर्यादा ३२०० आहे. उद्या प्रोसेसर बदलला तर ही स्टिक कामी येईल. डीडीआर५ चा प्रश्नच नव्हता. तिची खाचच वेगळ्या जागी असते, या बोर्डात बसत नाही, आणि तिच्यासाठी बोर्ड-प्रोसेसर सगळंच नवं लागलं असतं.

हा निकाल कुणी जसाच्या तसा उचलू नये. त्यांच्या घरी आधीच १६ जीबी असते आणि एफिशियन्सी १०० दाखवत असती, तर मी मुलाच्या बाजूने बोललो असतो आणि सगळे पैसे २९३३ ला चालणाऱ्या चांगल्या जोडीवर लावले असते. जागा पुरत असेल तर आणखी जागा घेऊन काहीही वेगाने होत नाही, रिकामं पिंप नुसतं मोरी अडवतं. कचेऱ्यांमध्ये टॅलीवर एक माणूस बसतो त्या मशीनमध्ये ६४ जीबी टाकलेले मी बघितलेत.

सोमवारी संध्याकाळी मुलगा आणि मी ग्रँट रोडला उतरून लॅमिंग्टन रोडला गेलो. पाटीवर डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग असलं तरी, शंभरहून जास्त वर्षांपूर्वीच्या त्या गव्हर्नराचं नाव लोकांच्या तोंडून जात नाही. तीन काउंटरवर भाव विचारले; तीनही ठिकाणी "उद्या वाढेल" हे वाक्य न विचारता मिळालं. स्वस्तात, बिलाशिवाय, पाकिटातून काढलेली एक स्टिकही दाखवण्यात आली. ती नको म्हटलं. रॅमची वॉरंटी बऱ्याच वर्षांची असते, पण बिल नसेल तर ती कुणाला दाखवणार? बंद खोक्यातली घेतली, खोक्यावरचा आणि स्टिकवरचा सीरियल नंबर जुळवून बघितला, तो बिलावर लिहून घेतला. मुलगा दिव्यांच्या स्टिकच्या कपाटासमोर जरा जास्त वेळ उभा होता.

बसवायला पाच मिनिटं. त्याआधीची वीस मिनिटं धूळ काढण्यात गेली. लालबागला रस्त्याकडेच्या खोलीत सहा वर्षं उभं असलेलं मशीन म्हणजे आत काळपट लोकर साचलेली असते. जुन्या स्टिकचे सोनेरी संपर्क काळवंडले होते. यावर सगळी मुंबई खोडरबर घासते, मीही घासत आलोय. पण आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि सुती कापड जास्त बरं, खोडरबराचा चुरा स्लॉटमध्ये जात नाही. स्टिक दाबताना दोन्ही टोकांना "टक" ऐकू यायला हवं. एकाच टोकाला आलं तर ती बसलेली नाही. पहिल्यांदा चालू केल्यावर स्क्रीन जवळजवळ मिनिटभर काळी राहिली, बोर्ड नव्या मेमरीशी जुळवून घेत होता. वहिनींनी तेवढ्यात देवाला हात जोडले. मग २४ जीबी दिसले, विंडोजला २१.९.

रात्री रॅम तपासणारा मेमटेस्ट८६ पेनड्राइव्हवरून लावून ठेवला. फुकटच्या आवृत्तीत चार फेऱ्या होतात. सकाळी चारही फेऱ्या झाल्या होत्या, एकही चूक नव्हती.

बुधवारची रात्र आणि माझी चूक

बुधवारी रात्री साडेबाराला फोन. मुलगा कुजबुजत होता, "काका, चालूच होत नाहीये." त्याने बायोसमध्ये जाऊन दोन्ही स्टिक २६६६ वर नेल्या होत्या. मशीन सुरू झालं, अर्धी शर्यत झाली, निळा स्क्रीन आला, आणि त्यानंतर नुसते पंखे फिरत राहिले. नवी स्टिक ३२०० ची, तिला २६६६ चं काही नाही. अडली ती जुनी २४०० ची. जोडीत हळू चालणारीचं ऐकावं लागतं. गुरुवारी सकाळी एका पार्टीला प्रूफ जायचं होतं. मी खाली गेलो, प्लग काढला, बोर्डावरचा गोल सेल पाच मिनिटं काढून ठेवला, परत लावला. बायोस मूळ सेटिंगवर आलं, मशीन उठलं. त्याला समोर बसवून सांगितलं की सुरू न होणं हे यातलं त्यातल्या त्यात बरं. वाईट ते, की मशीन चालत राहतं आणि सेव्ह करताना फाइलमधला एखादा तुकडा चुकीचा लिहिला जातो. लॅबमधून छापून आल्यावर ते नवरीच्या कपाळावर दिसतं.

चूक मात्र मीही केली होती, आणि ती त्याच रात्री लक्षात आली. सेटिंग परत लावताना फोटोशॉपचा स्क्रॅच डिस्क (डिस्कवरची ती तात्पुरती जागा) बघितला, तो डी ड्राइव्हला लावलेला होता. म्हणजे इतकी वर्षं फोटोशॉपची ती उचल-ठेव जुन्या फिरत्या हार्ड डिस्कवर होत होती, आणि सी ड्राइव्हच्या एसएसडीवर ९० जीबी मोकळे पडलेले होते. हे मी पहिल्याच संध्याकाळी तपासायला हवं होतं. स्क्रॅच एसएसडीला हलवला आणि खरं काय ते कळावं म्हणून शनिवारी नवी स्टिक काढून पुन्हा एकट्या ८ जीबीवर तीच चाचणी घेतली. ११ मिनिटं ४० सेकंदांची चाचणी ७ मिनिटं ५ सेकंदांत झाली, एक पैसा न घालता. रॅमने खरोखर वाचवलेला वेळ ७ वरून ४ चा होता, ११ वरून ४ चा नव्हे. वहिनींना हे सांगितलं. त्या म्हणाल्या, "मग आधी तेच का नाही केलंत?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. तरी स्टिक परत करायचा विषय त्यांनी काढला नाही. चाचणीची सात मिनिटं त्या माझ्या शेजारी बसून बघत होत्या आणि तेवढं बसणंही आता त्यांना जड जात होतं.

आता एफिशियन्सी बहुतेक वेळ १०० असते. फक्त सेव्हला लागणारा वेळ अपेक्षेइतका उतरला नाही, तीनच्या दोन शिट्ट्या झाल्या एवढंच. त्याचा रॅमशी संबंध नव्हता. फोटोशॉप पीएसडी, म्हणजे स्वतःची फाइल, सेव्ह करताना ती दाबून लहान करतं आणि मोठ्या फाइलला त्यातच वेळ जातो. प्रेफरन्सेसमध्ये फाइल हँडलिंगच्या पानावर हे दाबणं बंद करायची खूण आहे, ती केली. पहिली शिट्टी व्हायच्या आत सेव्ह होतं. फाइली मात्र फुगल्या. माघ लागला, मुहूर्त सुरू झाले, आणि परवा वहिनी जिन्यात म्हणाल्या, "भाऊजी, डी ड्राइव्ह लाल झालाय."